सब-ब्रोकरकडे अडकलेले वडिलांचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. विचारणाऱ्यांचे वडील कागल तालुक्यातल्या हायस्कूलमधून निवृत्त झालेले शिक्षक. 2021 मध्ये शाहूपुरीतल्या एका सब-ब्रोकरमार्फत त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या ब्रोकरकडे खातं उघडलं. हा सब-ब्रोकर सरांचाच जुना विद्यार्थी. सरांनी पूर्वी घेऊन ठेवलेले साधारण पाच लाखांचे शेअर त्या डीमॅटला आणले, सहा लाख बँकेतून ब्रोकरच्या खात्यात भरले, आणि आणखी चार लाख 'वेगळ्या स्कीमसाठी' म्हणून सब-ब्रोकरच्या स्वतःच्या फर्मच्या खात्यावर दिले. महिन्याला अडीच टक्के असं तोंडी ठरलं. काही महिने दहा-दहा हजार रोखीने आलेही. दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ यायची. शेवटच्या पीडीएफवर आकडा होता सतरा लाख चाळीस हजार. बहिणीच्या लग्नासाठी पैसे मागितले तेव्हा 'मार्केट डाऊन आहे, जरा थांबा सर' असं उत्तर मिळालं. मुलाने ब्रोकरचं खरं अ‍ॅप उघडून बघितलं तर खात्यात एकसष्ट हजार. आता सब-ब्रोकर म्हणतोय की पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, पुढच्या तारखांचे चेक देतो, फक्त बाहेर वाच्यता नको. प्रश्न असे, की ही फसवणूक म्हणायची की मार्केटचा तोटा, आणि पैसे मिळणार का?

मी बरीच वर्षं ब्रोकरच्या बॅक ऑफिसला काढली. आता कोल्हापुरात गुंतवणूकदारांच्या बाजूने तक्रारी आणि लवादाचे दावे तयार करून देते. वकील नाही, त्यामुळे फौजदारी बाजू वकिलाला दाखवूनच पुढे जा.

सगळ्यात आधी त्या स्टॅम्पचं बोलू, कारण ते याच आठवड्यात तुमच्यासमोर येणार आहे. त्यावर सही करू नका. अशा कागदांचा मजकूर मी इतक्या वेळा वाचलाय की न बघता सांगते: 'सरांकडून मी हातउसने एवढे रुपये घेतले असून ते अमुक हप्त्यांत परत करीन, यापुढे सरांची कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही.' हे शेवटचं वाक्य ब्रोकरला मोकळं करतं. पहिलं वाक्य त्याहून घातक, कारण त्याने शेअर बाजाराचा व्यवहार खासगी कर्ज होऊन बसतो, आणि खासगी कर्जाला एक्स्चेंजची (एनएसई, बीएसई अशा शेअर बाजारांची) कुठलीच यंत्रणा हात लावत नाही. चेक तो देत असेल तर घ्या, पण बदल्यात काही लिहून देऊ नका. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस त्याला पैसे द्यायला असतात, हे लक्षात ठेवा. पुढच्या तारखेचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं मानून बाकीच्या तक्रारी थांबवणारे लोक मी फार बघितलेत. त्या थांबण्यातच मुदती निघून जातात.

आता तोटा की फसवणूक. यावर मी लगेच 'फसवणूकच' असं म्हणणार नाही, कारण ऑप्शनमध्ये (पुढच्या भावाच्या अंदाजावर लावलेल्या सौद्यांत) पैसे जायला कोणी लबाड असावंच लागतं असं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर होता. तेव्हा तोटा झाला म्हणून कोणी भरपाई देणार नाही. भरपाई मिळते ती एवढ्याच प्रश्नावर: हे सौदे तुमच्या वडिलांनी सांगितले होते का? नसतील, तर त्यात नफा झाला असता तरी ते बेकायदाच होते.

माझ्या मते या प्रकरणात तीन वेगवेगळे पैसे आहेत, आणि लोक इथेच चुकतात. सगळ्याची एकच रक्कम करतात, 'माझे पंधरा लाख गेले' अशी एकच तक्रार करतात, आणि मग ती सगळीकडून परत येते. पैसा ज्या खात्यात गेला, त्यावरून तो कोणत्या दारात मागायचा ते ठरतं. सहा लाख ब्रोकरच्या खात्यात गेले आणि पाच लाखांचे शेअर डीमॅटमध्ये होते. या अकरा लाखांचा हिशेब ब्रोकरने द्यायचा, दार एक्स्चेंजचं. चार लाख सब-ब्रोकरच्या फर्मला गेले. तिथे मुख्य दार पोलिसांचं. आणि पीडीएफवरचे सतरा लाख चाळीस हजार हा आकडा कुठेच अस्तित्वात नव्हता, तो मागू नका. मात्र ती प्रत्येक पीडीएफ जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे ब्रोकरशी बोलताना गोंधळ होणार नाही. कायद्याच्या भाषेत आता 'सब-ब्रोकर' नावाचा प्रकार राहिलेला नाही. सेबीने तो मार्च 2019 अखेर बंद केला. शाहूपुरीतला माणूस हा ब्रोकरचा 'ऑथराइज्ड पर्सन', म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, असणार. एक्स्चेंजच्या वेबसाइटवर त्याचं नाव शोधा, कधीपासून नोंदणी आहे ते दिसेल, त्याची प्रिंट घ्या. या माणसाला ग्राहकाकडून स्वतःच्या नावावर पैसे घ्यायला मनाई, रोख घ्यायला मनाई, खात्रीचा परतावा कबूल करायला मनाई. आणि त्याने केलेल्या न केलेल्या गोष्टींची जबाबदारी ब्रोकरवर आहे, हे नियमातच आहे. ब्रोकरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'तो त्यांचा आपसातला व्यवहार, आम्हाला माहिती नव्हती.' अकरा लाखांना हे उत्तर चालत नाही. चार लाखांना मात्र बऱ्याचदा चालून जातं. तिथे तुमच्याकडे ब्रोकरच्या नावाच्या लेटरहेडवरची पावती आहे का, पैसे ब्रोकरच्या बोर्डाखालच्या ऑफिसात बसून ठरले होते का, यावर अवलंबून राहील.

आता कागद. सब-ब्रोकरकडून एकही कागद मागू नका. त्याचा हात पोचत नाही अशा ठिकाणांहून गोळा करा. डीमॅट सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असेल तर 'ईझी', एनएसडीएलकडे असेल तर 'आयडियाज' या मोफत सुविधेवर वडिलांचं खातं थेट दिसतं. दोन्ही डिपॉझिटरींकडून पॅननुसार एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे कॅस, ईमेलवर येतं. आयकराच्या पोर्टलवर एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची माहिती) उघडा. गेल्या काही वर्षांत वडिलांच्या नावाने कोणते शेअर, कधी, किती रकमेला विकले गेले ते तिथे सापडतं. हा कागद मला फार आवडतो, कारण तो ना ब्रोकरने बनवलेला ना ग्राहकाने. ब्रोकरकडून मात्र ईमेलने मागायचंच: खातं उघडल्यापासूनचं लेजर (जमा-खर्चाचा उतारा), सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट (त्या-त्या दिवसाच्या सौद्यांची पावती), केवायसीचा म्हणजे ओळखीच्या माहितीचा पूर्ण फॉर्म आणि क्लायंट मास्टर (खात्याच्या नोंदींचा कागद).

हे सगळं हातात आलं की पहिल्यांदा मोबाइल नंबर आणि ईमेल बघा. केवायसीत वडिलांचा नंबर आहे की दुसराच? माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत अर्ध्याहून जास्त खेळ इथेच असतो. सौदा झाला की एक्स्चेंज संध्याकाळी मेसेज पाठवतं, शेअर डीमॅटमधून गेले की डिपॉझिटरी पाठवते, ब्रोकरने तुमच्या नावावर किती पैसे आणि शेअर दाखवलेत याचाही मेसेज ठराविक काळाने येतो. हे मेसेज वर्षानुवर्षं आले नसतील तर ते कुठेतरी दुसरीकडे जात होते. गडहिंग्लजच्या एका प्रकरणात तीन वेगळ्या कुटुंबांच्या केवायसीत एकच ईमेल निघाला, आणि तो ऑफिसातल्या पोराचा होता. उलट, वडिलांच्याच नंबरवर मेसेज येत असतील आणि त्यांनी ते विमा कंपनीच्या जाहिरातींसारखे पुसून टाकले असतील, तर बाजू कमकुवत होते. 'कॉन्ट्रॅक्ट नोट मिळत होती, हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य होतं' हा ब्रोकरचा सगळ्यात जड मुद्दा असतो. त्यामुळे हे आधी तपासा, मग दाव्याचा सूर ठरवा.

एक कॉन्ट्रॅक्ट नोट कशी वाचायची ते सांगते. कुठलाही एक दिवस घ्या, ज्या दिवशी निफ्टी किंवा बँक निफ्टीच्या ऑप्शनचे बरेच सौदे आहेत. प्रत्येक ओळीत ऑर्डरची वेळ असते, सेकंदासकट. समजा 11:42:07 ला खरेदी, 11:44:31 ला विक्री, 11:45:10 ला पुन्हा तेच ऑप्शन, आणि असं दुपारी तीनपर्यंत चाळीस वेळा. शेवटी बघितलं तर भावात मिळाले असतील दोनशे रुपये आणि ब्रोकरेज गेलं असेल अडीच हजार. असं जिथे दिसेल तिथे सौदे नफ्यासाठी चाललेले नव्हते, ब्रोकरेजसाठी चालले होते. त्यातला वाटा सब-ब्रोकरला मिळतो. लेजरमधून वर्षावर्षाचं ब्रोकरेज वेगळं काढून बेरीज करा आणि ती खात्यात भरलेल्या रकमेशेजारी ठेवा. मग दुसरं काम: त्या वेळांना सर कुठे होते? तुमचे वडील पेन्शनच्या कामाला ट्रेझरीत होते, डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, पंढरपूरला होते, असे चार-पाच दिवस कागदानिशी दाखवता आले तर शंभर पानांच्या युक्तिवादापेक्षा ते जास्त बोलतात. फोन कंपनीकडून त्या दिवसांचे कॉल निघत असतील तर तेही काढा.

याला आधार आहे सेबीच्या 22 मार्च 2018 च्या परिपत्रकाचा. त्यानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो: सहीची चिठ्ठी, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेटची नोंद, यांपैकी काहीतरी. वाद झाला तर तो पुरावा दाखवायची जबाबदारी ब्रोकरची. म्हणजे 'मी सांगितलं नव्हतं' हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, 'सांगितलं होतं' हे त्यांनी करायचं. पत्रात हे स्पष्ट लिहा आणि वादग्रस्त प्रत्येक सौद्याचं रेकॉर्डिंग मागा. ते म्हणतील की सौदे अ‍ॅपवरून झालेत, ग्राहकाच्या लॉगिनने. मग लॉगिनचे आयपी पत्ते मागा, आणि ओटीपी कोणत्या नंबरवर गेला तेही. सरांचं लॉगिन रोज शाहूपुरीतल्या ऑफिसच्या इंटरनेटवरून होत असेल तर उत्तर मिळालंच. वडिलांनी पासवर्ड स्वतः दिला असेल, तर खरं तेच सांगा. दाव्यातली थोडी रक्कम त्यामुळे कमी होईल. पण सुनावणीत खोटं उघडं पडलं तर सगळीच जाईल.

कागद गोळा करत असतानाच खातं बंदिस्त करा. मोबाइल आणि ईमेल बदलायचा अर्ज थेट मुख्य कार्यालयात, ट्रेडिंग खातं गोठवायची विनंती ब्रोकरला (जुलै 2024 पासून ही सोय देणं त्यांना बंधनकारक आहे), डीमॅटला डेबिट फ्रीझ (म्हणजे शेअर बाहेर जाणार नाहीत), आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी किंवा डीडीपीआय (ब्रोकरला डीमॅटमधले शेअर हलवायचा अधिकार) दिलेलं असेल तर ते रद्द. सरांनी डिलिव्हरी स्लिपांवर (शेअर दुसरीकडे पाठवायच्या चिठ्ठ्यांवर) कोऱ्या सह्या करून ठेवल्या असतील तर उरलेलं बुक आधी ताब्यात घ्या. उरलेत एकसष्टच हजार, पण मुद्दा तो नाही. या तारखेनंतर सरांची संमती नव्हती ही नोंद तयार होते.

मग तक्रारीचा क्रम. पहिला ईमेल ब्रोकरच्या तक्रार विभागाला आणि कम्प्लायन्स ऑफिसरला. दोन्ही पत्ते कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेले असतात. शाहूपुरीच्या ऑफिसात जाऊन दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर. तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि न पटल्यास तुम्ही 15 दिवसांत पुनर्विचार मागू शकता. मुदत सांभाळा: स्कोअर्सवर तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत लागते, त्यामुळे जुने सौदे तिथे अडतील. आणि स्कोअर्सकडून फार आशा ठेवू नका. लोकांना वाटतं सेबी पैसे मिळवून देते. सेबी ब्रोकरला उत्तर द्यायला लावते; कोणाचं किती देणं लागतं याचा निवाडा तिथे होत नाही.

निवाडा होतो 'स्मार्ट ओडीआर' या पोर्टलवर, 2023 पासून. ब्रोकरकडे दाद मागून झाली की तिथे जाता येतं. आधी समेटाची बैठक, त्यासाठी साधारण 21 दिवस, आणि या टप्प्याला गुंतवणूकदाराला फी नाही. समेट झाला नाही तर लवाद, त्याची फी दाव्याच्या रकमेवर. सगळं ऑनलाइन, कोल्हापूर सोडावं लागत नाही. पूर्वी अशा सुनावणीसाठी म्हातारी माणसं रातराणी पकडून मुंबई गाठायची, तो त्रास तरी गेला. समेटात ब्रोकर बहुतेक वेळा ब्रोकरेज परत करायला तयार होतो आणि तिथेच मिटवा म्हणतो. मिटवायचं की पुढे जायचं हे तुमच्या कागदांवर आहे: मोबाइल नंबर परका निघाला आणि रेकॉर्डिंग नाही, तर मी पुढे जा म्हणेन. नंबर वडिलांचाच आणि मेसेज येत होते, तर बरी रक्कम मिळत असेल तेव्हा घ्या.

दाव्याचा आकडा काढताना हात आखडता ठेवा. न विचारता विकलेल्या शेअरची विक्रीच्या तारखेची किंमत, अधिक वादग्रस्त सौद्यांतला निव्वळ तोटा, अधिक ब्रोकरेज आणि इतर आकार. मात्र शेअर विकून आलेले पैसे त्याच सौद्यांत गेले असतील तर ते दोनदा धरू नका. रोखीने मिळालेले दहा-दहा हजार लपवू नका, ते स्वतःहून वजा करून दाखवा. मानसिक त्रासाचे पाच लाख, बुडालेल्या नफ्याचे आठ लाख असं लिहिलं की समोरचा माणूस पहिल्या पानावरच तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

काही जण विचारतात, ब्रोकरच बुडाला तर? 'कार्वी' या ब्रोकर कंपनीचं नाव अजून लोकांच्या डोक्यात आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीने त्यांच्यावर बंदीचा आदेश काढला. ग्राहकांचे दोन हजार कोटींहून जास्त किमतीचे शेअर गहाण टाकून पैसे उचलले होते. त्यानंतर नियम बदलले. सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठी (सौद्याच्या तारणासाठी) शेअर ग्राहकाच्याच डीमॅटमध्ये राहतात, आणि तिथूनच ओटीपीने प्लेज (गहाण) होतात. त्यामुळे तसा मोठा डल्ला आता अवघड झालाय. हल्लीची फसवणूक तुमच्यासारखी, गल्लीतल्या ओळखीतून होते. तरीही एक्स्चेंजने ब्रोकरला डिफॉल्टर (देणी न फेडणारा) जाहीर केलं, तर गुंतवणूकदार संरक्षण निधीतून ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत दावा करता येतो, ठरलेल्या मुदतीत. पण खात्रीच्या परताव्याची स्कीम आणि हातउसने दिलेले पैसे त्यात बसत नाहीत. स्टॅम्पवर सही करू नका असं का म्हणाले ते आता लक्षात आलं असेल.

उरले चार लाख. त्यासाठी जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे किंवा स्थानिक ठाण्यात अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आणि विश्वासघाताला कलम 316 आहे. त्याने अशा स्कीमसाठी अनेकांकडून पैसे घेतले असतील, आणि अडीच टक्के कबूल करणारा माणूस एका शिक्षकावर थांबत नाही, तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा लागू शकतो. त्यात मालमत्ता जप्त होते. वर्षं जातात हे खरं, पण प्लॉट आणि फ्लॅट विकून पळायची वाट बंद होते. सरांच्या बॅचचे, त्याच शाळेचे आणखी कोण आहेत ते शोधा आणि अर्ज एकत्र द्या. पोलिसांना लिहिताना ब्रोकरविरुद्धचा अकरा लाखांचा वाद त्यात मिसळू नका. 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून अर्ज परत करायला तेवढं निमित्त पुरतं.

वाटेत तुम्हाला एखादा फोन येईल: 'सेबीतून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली, दोन टक्के फी भरा.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. असा फोन आला आणि चुकून पैसे गेले, तर त्याच तासाला 1930 वर फोन करा.

शेवटचं सरांबद्दल. दावा त्यांच्या नावाने आहे, व्हिडिओवरच्या सुनावणीत बोलायचं त्यांनीच आहे. तुम्ही लिहिलंय की ते अजून 'पोरगं वाईट नाही, मार्केटने मारलं' असं म्हणतात. त्यांच्याशी भांडू नका. एआयएसमधली शेअर विकल्याची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि एकेक ओळ विचारा: हे विकायला तुम्ही सांगितलं होतं का? जिथे ते 'हो' म्हणतील तो सौदा दाव्यातून काढा. जिथे 'नाही' म्हणतील तिथे तारखेपुढे त्यांच्या हाताने खूण करून घ्या. लवाद त्यांना नेमका हाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्या खुणांच्या सौद्यांवरच तुमचा दावा उभा राहणार आहे.